जठराचा कर्करोग : मायक्रोआरएनएची भूमिका आणि आपली दक्षता

जठराचा कर्करोग प्रारंभी बहुधा वेदना देत नाही. अपचन, जळजळ किंवा थोडक्या जेवणाने पोट भरणे एवढीच त्याची चाहूल असू शकते. आम्लपित्ताच्या गोळीने त्रास शमतो. रोग मात्र आत वाढत राहू शकतो.

मायक्रोआरएनए म्हणजे काय?
प्रथिने तयार करण्याचा जनुकांचा संदेश पेशीत आरएनए वाहून नेतो. मायक्रोआरएनए हे सुमारे २२ घटकांचे सूक्ष्म रेणू त्या संदेशाला चिकटून त्यास आवर घालतात. पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे, याचा समतोल राखण्यास ते साहाय्य करतात. त्यांच्या शोधाबद्दल व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोगात काय बिघडते?
या कर्करोगात मायक्रोआरएनए-२१ अनेकदा वाढलेला आढळतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या प्रथिनांची निर्मिती तो रोखतो. याउलट, वाढ आवरणारे मायक्रोआरएनए-३४ सारखे रेणू घटतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा दीर्घकालीन संसर्ग जठराच्या अस्तराचा दाह घडवितो व हा समतोलही ढळवितो. संसर्ग झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. तथापि धोका वाढतो.

रक्ततपासणी पुरेशी आहे काय?
नाही. रक्तातील मायक्रोआरएनएवरून रोग लवकर ओळखण्याबाबत संशोधन सुरू आहे. निश्चित निदान मात्र आजही एंडोस्कोपी व बायोप्सीनेच होते.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?
• दोन-तीन आठवडे न शमणारे अपचन किंवा पोटदुखी
• गिळताना अडथळा, वारंवार उलट्या
• अकारण वजन घटणे, रक्तक्षय
• रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपण काय करावे?
• तंबाखू व मद्य वर्ज्य करावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.
• अतिखारट व धुरावलेले पदार्थ कमी करावेत, फळे-भाज्या वाढवाव्यात. देशात या कर्करोगाचे प्रमाण मिझोराममध्ये सर्वाधिक असून तंबाखू व धुरावलेले मांस यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे.
• जिवाणूसंसर्गावरील प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावीत.
• आई-वडील किंवा भावंडांना हा रोग झाला असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

वेळीच निदान झाल्यास शस्त्रक्रियेने हा रोग बरा होऊ शकतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या पोटाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नका.