दूध लागेल तसे

आमच्या घरात नाताळच्या फराळाची एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कडांना डालड्याचे डाग पडलेली. नेवऱ्या, कुलकुल, दोस, बोलिन्हा अशा पंधरा-वीस कृती आजीने तिच्यात स्वतःच्या अक्षरात उतरवल्या आहेत. त्यातल्या 'जाम बन'ला तिने एवढीच जागा दिली आहे:

"मैदा ३ डबे. साखर १ डबा. डालडा पाऊण डबा. अंडी २. बे. पा. ४ चमचे. मीठ. दूध लागेल तसे. जाम. भट्टी."

संपलं. डबा कसला, दूध किती लागेल, जाम कुठे घालायचा आणि भट्टी किती तापलेली हवी, यातलं काहीच नाही. साहित्याचा विद्यार्थी म्हणून मी तीन वर्षं वर्गात ऐकतोय की न लिहिलेलंही वाचता आलं पाहिजे. पण या एवढ्याशा मजकुराने मला जेवढं दमवलं, तेवढं कुठल्या कवितेनेही दमवलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आजीला पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं हळूहळू परत आलं, पण उजवा हात परत आला नाही. त्यानंतरचे दोन नाताळ आमच्याकडे जाम बन झाले नाहीत. आईने नेवऱ्या केल्या, केक विकत आणला. शेजाऱ्यांना द्यायच्या ताटात जाम बनची जागा रिकामीच राहिली आणि त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. यंदा मी ठरवलं, आपणच करून बघू. तीनदा केले, तीनदा बिघडले. का बिघडले ते शोधताना जे कळलं, ते इथे मांडतोय. कुणाला घरी करून बघायचे असतील तर उपयोग होईल.

हा बन म्हणजे नक्की काय?

बेकरीत मिळणारा मऊ, यीस्टने फुगवलेला बन हा नव्हे. आमचा जाम बन म्हणजे बन आणि बिस्किट यांच्या मधलं काहीतरी. बाहेरून खरबरीत, वर तडे गेलेले, आत भुसभुशीत आणि मधोमध जामचा लाल डोळा. आजी तो लग्नानंतर बेळगावात कॅम्पातल्या एका वयस्कर बाईंकडून शिकली. त्या बाई त्याला 'रासबेरी बन' म्हणायच्या, जरी आत पेरूचा जाम असला तरी!

या नावामुळेच मला धागा सापडला. रासबेरी बन हा इंग्लंडमधला जुना घरगुती पदार्थ. मैद्यात लोणी चोळायचं, साखर-अंडं घालून गोळे करायचे, गोळ्यात खड्डा पाडून जाम भरायचा. त्याला यीस्ट लागत नाही आणि पीठ फुगायची वाट बघावी लागत नाही. १८४३ साली आल्फ्रेड बर्डने बेकिंग पावडर तयार केली आणि १८४५ साली ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने स्वतःहून फुगणाऱ्या पिठाचं पेटंट घेतलं. तिथून पुढे साध्या घरातल्या बाईलाही अर्ध्या तासात बन करणं शक्य झालं. बेळगावात लष्करी छावणी होती, तेव्हा असा पदार्थ इथे कॅम्पातल्या स्वयंपाकघरांत रुजला यात नवल नाही.

जाम आणि भाजलेलं पीठ ही जोडी मात्र त्याहून पुष्कळ जुनी. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिंझर टॉर्टेची १६५३ सालची हस्तलिखित कृती आडमाँटच्या बेनेडिक्टाइन मठाच्या ग्रंथालयात आहे. त्याच घराण्यातली भोक पाडलेली जाम बिस्किटं तिकडे आजही नाताळात करतात. म्हणजे मठात कृतीची वही जपणारे होते, म्हणून तो पदार्थ कागदावर टिकला. आमच्याकडे वही होती, पण तेवढ्याने भागलं नाही.

पहिला घाण: जाम बाहेर

पहिल्या वेळी मी बाजारचा जाम आणला, डालड्याऐवजी लोणी घेतलं, गोळ्यांना मोठा खड्डा पाडला आणि काठोकाठ जाम भरला. दहा मिनिटांत ओव्हनमधून जळका वास. जाम उतू जाऊन ट्रेवर काळा झाला होता आणि बन पसरून भाकरीसारखे झाले होते.

कारण साधं आहे. जाममध्ये साधारण एक तृतीयांश पाणी असतं. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये तो पुन्हा उकळतो, बुडबुड्यांनी फुगतो आणि वाट मिळेल तिकडे धावतो. दुसरी चूक लोण्याची. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश, उरलेलं बहुतेक पाणी. डालड्यात पाणी नसतं आणि तो लोण्यापेक्षा सावकाश वितळतो, त्यामुळे बनचा आकार धरून राहतो. वहीतलं 'दूध लागेल तसे' हे डालडा धरून लिहिलेलं होतं. लोणी वापरल्यावर दूध कमी करायला हवं होतं.

आजी खुर्चीवरून बघत होती. म्हणाली, "जाम उतू जायलाय बघ. एवढं कशाला भरलास? अर्धा चमचा घाल की आणि तोंड चिमटीनं मिटव. उरलेला भाजल्यावर वरनं घालायचा."

'भाजल्यावर वरनं' हे वहीत कुठेच नाही. तिला ते लिहावंसं वाटलंच नव्हतं, कारण ते कुणाला माहीत नसेल असं तिच्या मनातच आलं नव्हतं.

दुसरा घाण: जामचं चॉकलेट

दुसऱ्या वेळी जाम घरीच केला, पेरूचा. जाम घट्ट बसायला तीन गोष्टी लागतात. फळातलं पेक्टिन, आंबटपणा आणि भरपूर साखर. पेक्टिनच्या लांब साखळ्या पाण्यात सुट्या तरंगत असतात. साखर त्यांच्याभोवतीचं पाणी ओढून घेते, लिंबाच्या आम्लामुळे त्या एकमेकींना दूर ढकलायच्या थांबतात, आणि मग त्यांचं जाळं विणलं जातं. त्या जाळ्यात अडकलेला रस म्हणजे जाम. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यातही अर्धकच्च्या पेरूत जास्त. म्हणून आजी चार पिकलेल्या पेरूंबरोबर एक करकरीत पेरू घालायची.

इथपर्यंत बरोबर होतं. पण इंटरनेटवर लिहिलं होतं, जाम १०५ अंशांपर्यंत उकळा. मी थर्मामीटर लावून तसंच केलं. थंड झाल्यावर जामचं चक्क चॉकलेट झालं, चमचा आत जाईना.

याचं उत्तर मला भूगोलात मिळालं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळतं. जाम पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा साधारण साडेचार-पाच अंश वर गेला की तयार होतो. म्हणजे मडगावच्या मावशीकडे १०५ ठीक, आमच्याकडे १०२ पुरे! मी तीन अंश जास्त आटवला, म्हणजे नको तेवढं पाणी उडवलं.

आजीकडे थर्मामीटर कधीच नव्हता. ती स्टीलची ताटली खिडकीत थंड करत ठेवायची, तिच्यावर जामचा थेंब टाकायची आणि मिनिटभराने बोटाने ढकलायची. थेंबावर सुरकुती पडली की गॅस बंद. ही परीक्षा मडगावात चालते, बेळगावात चालते आणि उद्या सिमल्याला गेलात तर तिथेही चालेल, कारण ती तापमान मोजत नाही, थेट जामलाच विचारते.

तिसरा घाण: दगड

तिसऱ्या वेळी जाम छान झाला आणि बन दगड झाले. मी पीठ चपातीच्या कणकेसारखं मळलं होतं. मैद्याला पाणी लागलं आणि तो मळला की ग्लूटेनचे चिवट धागे तयार होतात. पोळीला ते हवेत, इथे नकोत. म्हणून आधी कोरड्या मैद्यात डालडा बोटांच्या टोकांनी चोळायचा, रव्यासारखा दिसेपर्यंत. मैद्याच्या कणांना चरबीचा लेप बसतो आणि मग दूध घातलं तरी धागे फारसे जुळत नाहीत. तळहात वापरायचा नाही, त्याच्या उबेने डालडा वितळतो. बेळगावची डिसेंबरमधली थंडी इथे आपल्या बाजूने असते.

पण दूध किती? मी आजीला दहा वेळा विचारलं. ती दरवेळी म्हणायची, "हाताला कळतंय रे." शेवटी मी पातेलं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने डावा हात आत घातला, एक मूठ दाबली, सोडली. मूठ तुटून दोन तुकडे झाले. "अजून चमचाभर." पुन्हा दाबली. या वेळी गोळा अख्खा राहिला, वर बारीक तडे, बोटांना काही चिकटलं नाही. "हां. बास." मी लगेच उरलेलं दूध मोजलं. पाव कपातलं चार चमचे गेलं होतं.

तिचा डबाही शोधला. कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा, अजून पिठाच्या पिंपातच होता. त्यात मैदा १६५ ग्रॅम बसतो.

भट्टीचं मात्र काही करता आलं नाही. पूर्वी नाताळच्या आधी घरोघरचे ट्रे बेकरीच्या भट्टीवर जायचे, ओळखीसाठी कोपऱ्यात खूण करून. पाव निघून गेल्यावर विटांची भट्टी हळूहळू निवत जायची आणि त्या उतरत्या उष्णतेत बन भाजले जायचे. आधी जोरात, मग मंद. ज्या बेकरीत आजी जायची, तिथे आता घरचे ट्रे घेत नाहीत. मी ओव्हनमध्ये तेच करून बघितलं. २०० अंशांवर आठ मिनिटं, मग १७० वर पाच-सहा मिनिटं.

करून बघायचं असेल तर

मैदा ५०० ग्रॅम, बेकिंग पावडर ४ लहान चमचे आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळा. २०० ग्रॅम गार डालडा बोटांनी चोळा. २५० ग्रॅम साखर दळून घाला, मग २ फेटलेली अंडी, आणि दूध चमच्याचमच्याने, मुठीची परीक्षा पास होईपर्यंत. लिंबाएवढे गोळे करा. अंगठ्याने खड्डा पाडा, पण तळ फोडू नका. अर्धा चमचा जाम भरा आणि तोंड अर्धवट मिटवा. वर सांगितल्याप्रमाणे भाजा आणि गरम असतानाच वरून थोडा जाम घाला.

कुणाला नुसती बिस्किटं हवी असतील तर मैदा, लोणी, साखर हे वजनाने ३:२:१ घ्या. अंडं नको, बेकिंग पावडर नको. छोटे गोळे, वर अंगठ्याचा ठसा, त्यात जाम, आणि १७० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं.

चौथा घाण जमला. आजीने डाव्या हाताने बन मोडला, आत बघितलं, एक तुकडा खाल्ला. "मीठ कमी पडलंय," म्हणाली आणि दुसरा घेतला. यंदा शेजारच्या ताटांत जाम बन गेले.

वहीतली कृती अपुरी आहे असं मला आधी वाटत होतं. ती अपुरी नाही. तो डबा, ती भट्टी आणि आजीचा उजवा हात गृहीत धरून ती लिहिली होती. यातलं एकेक नाहीसं होत जातं, तसतसे तेच शब्द वाचता येईनासे होतात. मी आता त्या पानासमोर माझ्या अक्षरात लिहून ठेवलंय: डबा म्हणजे किती, मूठ कशी दाबायची, जाम वरून कधी. खाली एक ओळ आजीने डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात घातली आहे: "मीठ अर्धा चमचा."

सुट्टीत घरी जाल तेव्हा तुमच्याकडच्या वहीतला 'अंदाजे' आणि 'लागेल तसे' शोधा. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या हातात पातेलं द्या, आणि तुम्ही वजनकाटा घेऊन शेजारी बसा.