मोगल स्कीइंग

मोगल स्कीइंग : बर्फाच्या उंचवट्यांनी व्यापलेल्या तीव्र उतारावरून स्कीच्या साहाय्याने खाली येण्याचा क्रीडाप्रकार. ‘मोगल’ हा शब्द ‘टेकाड’ या अर्थाच्या ऑस्ट्रियन-जर्मन बोलीतील शब्दावरून आला असावा. मोगल राजघराण्याशी त्याचा संबंध नाही. उतारावर अनेकांनी त्याच त्या जागी वळणे घेतल्याने बर्फ बाजूस सारला जाऊन उंचवटे व खळगे तयार होतात.

या खेळात वेगावरील नियंत्रण मुख्यतः पायांच्या हालचालींवर अवलंबून असते. उंचवट्यावर येताना गुडघे दुमडून धक्का जिरवितात व माथा ओलांडताच पाय लांबवून स्कीची टोके खळग्यात दाबतात. त्यामुळे स्कीचा बर्फाशी संपर्क टिकतो. तो सुटल्यास वळणे घेणे व वेग आवरणे कठीण जाते. धड स्थिर व उताराच्या दिशेस, हात पुढे आणि नजर पुढील दोन-तीन उंचवट्यांवर ठेवतात. भीतीमुळे मागे रेलल्यास तोल जातो व गुडघ्यांना इजा होण्याचा संभव वाढतो. म्हणून नवशिक्याने प्रथम सौम्य उतारावर सराव करणे इष्ट ठरते. भारतात स्कीइंगचे प्राथमिक शिक्षण गुलमर्ग व औली येथे मिळते.

१९९२ च्या आल्बेअरव्हील (फ्रान्स) ऑलिंपिकपासून या प्रकारास पदके दिली जातात. गुणांकनात वळणांना ६० टक्के, तर उड्या व वेग यांना प्रत्येकी २० टक्के महत्त्व असते. म्हणजेच वेगापेक्षा नियंत्रण श्रेष्ठ मानले जाते.