विजया, स्नेहरूप संदेशक आणि मेंदूतील आधारपेशी

शार्ङ्गधरांनी व्यवायी द्रव्याचे उदाहरण देताना अहिफेनाच्या जोडीने भांगेचा उल्लेख केला आहे. आधी सर्व शरीर व्यापावे आणि मग पाक व्हावा, हे व्यवायीचे लक्षण. भांगेतील मादक घटक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) हा मेदविद्राव्य असून मेंदूत सहज शिरतो. तेथे पोहोचल्यावर तो कोणत्या पेशींवर कार्य करतो, हे मात्र अलीकडेच उलगडू लागले आहे.

सन १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफेल मेशूलाम यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून एक स्नेहरूप रेणू वेगळा करण्यात आला. संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून त्याचे नाव ॲनंडामाइड ठेवले गेले. असे रेणू साठवून ठेवले जात नाहीत. गरज पडताच पेशीपटलातील स्नेहापासून ते तयार होतात, शेजारच्या पेशीला संदेश देतात आणि विकरांमुळे लगेच विघटित होतात. टीएचसी त्याच रिसेप्टरवर बसतो (‘ग्राही’ हा प्रतिशब्द आपल्या वाचकांना जातीफलाकडे नेईल, म्हणून टाळला), परंतु तितक्या लवकर नाहीसा होत नाही. क्षणिक संदेशाच्या जागी दीर्घकाळ गोंगाट सुरू राहतो.

हे रिसेप्टर केवळ चेतापेशींवरच असतात, असे पूर्वी मानले जाई. चेतापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशींवरही (ॲस्ट्रोसाइट) ते असतात. त्यांना चेतना मिळाली की पेशीतील कॅल्शियम वाढते, ग्लुटामेट स्रवते आणि जवळच्या चेतासंधींचे कार्य बदलते. सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात ताराकृती पेशींवरील हे रिसेप्टर काढून टाकल्यावर टीएचसीमुळे होणारा तात्कालिक स्मृतीचा बिघाड झाला नाही. चेतापेशींवरील रिसेप्टर काढले, तेव्हा मात्र तो झाला. म्हणजे ज्यांना केवळ ‘आधार’ समजले जात होते, त्या पेशींचा स्मृतिभ्रंशात प्रत्यक्ष हात आहे. प्रयोग प्राण्यांवरील आहे, हे ध्यानात ठेवावे. तरीही विजयायुक्त कल्पास सरसकट ‘मेध्य’ म्हणून देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मेंदूतील सूक्ष्म आधारपेशींवर (मायक्रोग्लिया) दुसऱ्या प्रकारचे रिसेप्टर असून शोथावस्थेत ते वाढतात. त्यांच्या चेतनेने शोथ कमी होतो, असे प्राणिप्रयोगांत दिसते. एवढ्यावरून भांग मेंदूचे रक्षण करते असे रुग्णाला सांगणे उचित नाही.

कागलसारख्या ठिकाणी ग्रहणीचा रुग्ण जातीफलादि चूर्णाची डबी संपली की वैद्याकडे न येता थेट दुकानात जातो. बियांखेरीज भांग ही औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये आहे. तिचे पोटात घ्यावयाचे कल्प वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावेत, अशी सूचना वेष्टनावर असावी लागते. दुकानदाराने चिठ्ठीची तारीख पाहावी. वैद्याने मात्रेसोबत कालमर्यादाही लिहावी, आणि रुग्ण झोपेच्या गोळ्या किंवा मद्य घेतो का, परीक्षेला बसणार आहे का, वाहन चालवतो का, हे विचारावे. वृद्धांच्या नातेवाइकांकडे विसराळूपणाची चौकशी करावी. मदनानंद मोदकाबाबतही हाच क्रम ठेवावा. तो तर बहुधा चिठ्ठीशिवायच मागितला जातो.