मार्शलने मदत मागावी काय? – ‘हाय नून’विषयीचे वाद

अमेरिकेच्या पश्चिमेकडील नव्याने वसलेल्या आणि कायदा अद्याप पुरता न रुजलेल्या मुलखातील संघर्ष रंगवणाऱ्या चित्रपटांना ‘वेस्टर्न’ म्हणतात; फ्रेड झिनेमन यांनी दिग्दर्शित केलेला ‘हाय नून’ (१९५२) हा या प्रकारातील बहुधा सर्वाधिक वादग्रस्त चित्रपट होय. कथा मात्र साधी आहे. हॅडलीव्हिल गावाचा मार्शल, म्हणजे कायदा-सुव्यवस्था राखणारा अधिकारी, विल केन लग्न करून पद सोडत असतानाच, त्याने पूर्वी तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर दुपारी बाराच्या गाडीने सूड घेण्यास येत असल्याची वार्ता येते. केन गुत्त्यात, चर्चमध्ये आणि ओळखीच्यांच्या दारी साथीदार शोधत फिरतो. परंतु एक दारुडा आणि एक कोवळा मुलगा सोडला, तर गाव काही ना काही सबब सांगून अंग काढून घेते.

हे गाव कोणते, यावरच प्रेक्षकांची मते फुटली. पटकथाकार कार्ल फोरमन पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. १९५१ मध्ये संसदीय चौकशी समितीपुढे त्यांनी सहकाऱ्यांची नावे सांगण्याचे नाकारले आणि ते ‘ब्लॅकलिस्ट’मध्ये, म्हणजे ज्यांना स्टुडिओ काम देत नसत अशांच्या यादीत, गेले. त्यांच्या लेखी हॅडलीव्हिल म्हणजे घाबरलेले हॉलिवूडच होते. ब्लॅकलिस्टचे समर्थक असलेले अभिनेते जॉन वेन यांना हा रोख झोंबला. पुढे १९७१ च्या एका मुलाखतीत त्यांनी चित्रपटाला अमेरिकाविरोधी ठरवले आणि शेवटी नायक मार्शलचा बिल्ला पायाखाली तुडवतो, असेही सांगितले. प्रत्यक्षात केन तो धुळीत टाकून निघून जातो. गंमत अशी, की याच भूमिकेसाठी गॅरी कूपर यांना मिळालेले ऑस्कर १९५३ मध्ये त्यांच्या वतीने स्वीकारले, ते वेन यांनीच.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांचा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. आपल्या पेशात मुरलेला अधिकारी सामान्य नागरिकांपुढे मदतीसाठी हात पसरणार नाही, असे त्यांचे मत होते आणि वेन यांना घेऊन काढलेल्या ‘रिओ ब्राव्हो’त (१९५९) त्यांचा शेरीफ अशी मदत नाकारतो. मात्र ज्या गावाच्या रक्षणासाठी केनने मिलरशी वैर पत्करले, त्याच गावाकडे तो मदत मागतो, ही बाब या आक्षेपात दुर्लक्षित राहते. शिवाय पन्नाशीतल्या कूपर यांच्या थकलेल्या चेहऱ्यावर उघड दिसणारी भीती हेच चित्रपटाचे खरे बळ आहे. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ यांचा आक्षेप मात्र वेगळा होता; त्यांना, निव्वळ वेस्टर्न असण्याची लाज वाटून वर सामाजिक आशयाचा साज चढवणाऱ्या चित्रपटांपैकी तो एक वाटला.

पोलंडमध्ये या वादांचे ओझे नव्हते. ४ जून १९८९ च्या निवडणुकीत ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार चळवळीच्या भित्तिपत्रकावर कूपर झळकले, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका घेऊन. म्हणजे एका माजी कम्युनिस्टाने लिहिलेला नायक कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उभा ठाकला.

केनची पत्नी एमी मात्र या वादांत क्वचितच येते. ती क्वेकर, म्हणजे हिंसा त्याज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची अनुयायी आहे. तरीही मिलर आणि त्याचे तीन साथीदार अशा चौघा गुंडांपैकी एकाला ती पाठीमागून गोळी घालते आणि अखेरीस मिलरच्या तावडीत सापडल्यावर त्याला ओरबाडून केनला नेम धरण्याची संधी देते. त्यामुळे केनला एकाकी झुंजणारा नायक म्हणणारे, मग ते त्याचे चाहते असोत वा टीकाकार, चित्रपटाचा अखेरचा भाग नीट पाहत नाहीत, असेच म्हणावे लागते.