ओढण्याआधी फोटो काढा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात कुणी तेलकट फरशीवर घसरलं, किंवा पाळी सुटल्यावर कुणाची दुचाकी आडवी झाली, की सल्ला ठरलेला: "खांदा उतरलाय की, धरून ओढा!"

तो ऐकू नये. खांदा निखळताना दंडाच्या हाडाचं डोकं किंवा त्यावरचा उंचवटा मोडलेला असू शकतो. क्वचित त्याच हाताचा दंड मध्येच मोडतो. मग हिसका सांध्यापर्यंत पोचतच नाही, तुटलेली टोकं तेवढी सरकतात आणि बगलेतल्या नसा, रक्तवाहिन्या दुखावतात. तेल चोळू नये. हात आहे तसाच टॉवेलने छातीशी बांधावा (टॉवेलची इथे काय कमी!), अंगठी काढावी आणि भूल द्यावी लागेल म्हणून खायला-प्यायला देऊ नये.

"बोटं हलतात, म्हणजे नस शाबूत," हाही भ्रमच. निखळलेल्या खांद्यात बहुधा दुखावते ती बगलेतली नस, आणि तिचा बोटांशी संबंधच नाही. दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का, हे बघायचं. मनगटाला नाडी लागली तरी रक्तवाहिनी धड आहेच असं नाही. आडवाटेने रक्त पोचत असतं.

मोडलेला दंड एक्स-रेच्या फोटोत दिसला की शोध थांबतो आणि निखळलेला खांदा सुटून जातो. म्हणून एक्स-रेत खांदा आणि कोपर, दोन्ही हवेत. विजेचा झटका बसलेल्या कामगाराचा खांदा मागे निखळू शकतो. समोरून काढलेला फोटो तेव्हा जवळपास ठीक दिसतो, पण हात बाहेरच्या बाजूला वळत नाही. बगलेतून किंवा बाजूनेही फोटो काढायला सांगावा.

ऑपरेशन दर वेळी लागतं असंही नाही. भूल देऊन सांधा बसवला की उंचवट्याचा तुकडा बऱ्याचदा आपसूक जागेवर येतो. तो पाच मिलिमीटरहून जास्त सरकलेला राहिला तर ऑपरेशनचा विचार होतो. दंडही मोडला असेल तर शक्यतो आधी खांदा बसवतात. पकड मिळत नसेल तर आधी दंडाला प्लेट. हाडाच्या डोक्याचे तुकडे होऊन रक्तपुरवठा तुटला, तर वयस्करांत कृत्रिम सांधा बसवावा लागतो. महिनोन्‌महिने हात बांधून ठेवला तर खांदा आखडतो. डॉक्टर सांगतील तेव्हा व्यायाम सुरू करावा.

भरपाईबद्दलही एक गैरसमज असतो: "गेटबाहेर पडलो, आता ईएसआय (कामगार विमा) कुठला?" कामावर जाता-येता झालेला अपघातही, वेळ-ठिकाणाचा कामाशी संबंध दिसला तर, कामावरचाच धरतात. विमाधारकाला तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते, किमान वर्गणीची अट नाही. अपघाताची नोंद मात्र लगेच करून घ्यावी.