ईयोबाचे तीन मित्र: आधी मौन, मग उपदेश

हिब्रू बायबलमधल्या ईयोबाची गुरंढोरं गेली, सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी दगावल्या, मग अंगभर गळवं उठली. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र भेटायला आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या हातून घडलेलं खरं सांत्वन तेवढंच!

ईयोबाने स्वतः तोंड उघडलं, तेव्हा अलीफजने सुरुवात तरी अदबीने केली. बोललो तर तुला सोसेल का, असं विचारलं. खचलेल्यांना धीर देणारा तूच होतास, याची आठवण दिली. पण पुढच्याच दमात, निरपराध माणसाचा कधी नाश होतो का, असा सवाल टाकला. बिल्ददने तेवढाही आडपडदा ठेवला नाही. तुझ्या मुलांनी पाप केलं, त्याचं फळ त्यांना मिळालं, हे त्याने बापाच्या तोंडावर सुचवलं. सोफरच्या मते तर शिक्षा कमीच झाली होती. (ईयोब निर्दोष आहे, हे वाचकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं, मित्रांना नव्हे.) ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप या तिघांवरच होतो. सात बैल, सात मेंढे अर्पण करायचे, आणि प्रार्थना ईयोबाने त्यांच्यासाठी करायची.

ज्यू धर्मात ‘शिवा’ हा सात दिवसांचा दुखवटा असतो. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाने याच कथेच्या आधारे नियम सांगितला: शोकात असलेली व्यक्ती बोलेपर्यंत सांत्वनाला आलेल्याने बोलू नये.