स्कूटरच्या इंजिनातील इंधनपुरवठ्याचे दोष : कारणमीमांसा व निदानपद्धती

प्रस्तावना :
१९७२ मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकसारख्या कार्बुरेटरयुक्त स्कूटर आजही वापरात आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींत इंधन-अंतःक्षेपण प्रणाली रूढ झाली. जुन्या स्कूटरमध्ये बिघाड होताच अनेकदा संपूर्ण कार्बुरेटर बदलला जातो. क्रमबद्ध निदान केल्यास हा खर्च बहुधा टाळता येतो. त्या क्रमाचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इंधनाचा मार्ग :
चेतकमध्ये टाकी इंजिनाच्या वरच्या बाजूस असल्याने पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने कॉक, नळी व गाळणीमधून कार्बुरेटरच्या फ्लोट कक्षात उतरते. पातळी वाढताच फ्लोट वर येऊन सुईझडप बंद करतो. पुढे जेटच्या सूक्ष्म छिद्रातून पेट्रोल हवेत मिसळते.

निदानाचा क्रम :
१) प्लग काढून पाहावा. बराच वेळ किक मारूनही तो कोरडा असल्यास इंधन पोहोचत नाही असे समजावे. ओला असल्यास अतिरिक्त इंधन किंवा ठिणगीचा अभाव संभवतो.
२) इंजिन काही वेळ चालून बंद पडत असेल व टाकीचे झाकण उघडल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर झाकणातील वायुछिद्र बुजलेले असते. हवा आत न गेल्याने टाकीतील दाब घटतो व प्रवाह थांबतो.
३) इंजिन थंड असताना नळी कार्बुरेटरपासून सोडवून कॉक उघडावा. धार क्षीण असल्यास दोष कॉक, नळी वा गाळणीत असतो. धार अखंड असल्यास कार्बुरेटरमध्ये शोधावा. ही चाचणी मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर करावी.
४) केवळ चोक ओढल्यावरच इंजिन चालत असल्यास मंदगती जेट बुजल्याची किंवा जोडातून हवा शिरत असल्याची शक्यता असते. भार पडताच दम तुटत असल्यास मुख्य जेट तपासावा. जेट दाबाच्या हवेने स्वच्छ करावा. तारेने छिद्र रुंदावून मिश्रणाचे प्रमाण बिघडते.

इथेनॉलचा परिणाम :
२०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल आर्द्रता शोषते; जुन्या रबरी नळ्या व वॉशर त्याने खराब होऊ शकतात. दीर्घकाळ उभ्या स्कूटरमधील पेट्रोल उडून गेल्यावर उरलेले तेल व चिकट गाळ जेट बुजवतात. त्यामुळे स्कूटर उभी ठेवण्यापूर्वी कॉक बंद करून फ्लोट कक्ष रिकामा करणे हितावह ठरते.

निष्कर्ष :
लक्षण, शक्य कारण, चाचणी व मग दुरुस्ती हा क्रम पाळल्यास बहुतेक दोष अल्प खर्चात दूर होतात. दाब, गुरुत्वाकर्षण व प्रवाह या संकल्पना विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविण्यासाठीही हे उदाहरण उपयुक्त आहे.